गप्पा मारायला कुठलं अ‍ॅप बरं? चार घरं बदलून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा कामाच्या चॅटिंगचा रिव्ह्यू नाही. फायली, मीटिंगा, डेडलाइन यासाठी काय वापरावं हे सांगणारे ढीगभर आहेत. मला बोलायचंय ते निव्वळ टाइमपास गप्पांबद्दल, म्हणजे "उठलात का", "कुठे गायब होतात", "मांजराने परत कुंडी पाडली" या टाइपच्या. आमचा ग्रुप कुंडीतल्या झाडांचा. नावात झाडं, वर्णनात झाडं, डीपीत पण एक फर्न, आणि बोलणं मात्र दहातलं आठ वेळा अवांतर. कोणाचं पान पिवळं पडलं की फोटो येतो, त्यावर तिघं म्हणतात पाणी जास्त झालंय, दोघं म्हणतात पाणी कमी पडतंय, आणि तिथून गाडी जी घसरते ती कोणाच्या तरी गुडघेदुखीवर नाहीतर मुलीच्या इंटरव्ह्यूवर जाऊन थांबते. सुरुवातीला मी अ‍ॅडमिन म्हणून ओरडायचे, विषयावर या विषयावर या म्हणून. आता नाही ओरडत. ज्या महिन्यात फक्त झाडांबद्दल बोलायचं असं ठरवलं होतं त्या महिन्यात बोलणंच जेमतेम झालं, आणि झाडांबद्दलचं पण कमीच झालं, ही गंमत.

या असल्या बोलण्याला शास्त्रात नाव आहे बरं का. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये त्याला "फॅटिक कम्युनियन" म्हटलं. म्हणजे काही माहिती द्यायची म्हणून नाही, नुसतं मी आहे, तू आहेस ना, एवढं कळायला बोलणं. हे ग्रुपवर टाकलं तर आमचे कॅक्टसवाले काका म्हणाले, "अरे वा, म्हणजे आम्ही जे करतो त्याला रिकामटेकडेपणा म्हणत नाहीत तर!"

आता घरांबद्दल. पहिलं घर एका छोट्या कंपनीचं अ‍ॅप होतं, नाव नको घ्यायला. छान होतं, हलकं होतं, आणि एक दिवस ईमेल आली की महिन्याभरात बंद करतोय, तुमचं काय असेल ते उतरवून घ्या. उतरवून घ्यायला दिलं काय तर एक झिप फाईल, तिच्यात मेसेज होते पण कोणी कोणाला उत्तर दिलंय ते गायब, म्हणजे वाचताना शंभर माणसं एकाच वेळी स्वतःशी बडबडतायत असं वाटतं. तेव्हा खूप चिडले होते, मग लक्षात आलं की मोठ्यांचंही हेच होतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. इमारत कितीही मोठी असो, आपण भाडेकरूच.

त्यानंतर वॉट्सॅप, मग टेलिग्राम, मग डिस्कॉर्ड, असा प्रवास झाला. अ‍ॅपचे रिव्ह्यू वाचले की त्यात फीचरांची जंत्री असते, हे आहे ते आहे, याला टिक त्याला फुली. आम्ही पण पहिल्यांदा तसंच एक तक्ता करून निवडलं आणि फसलो. आता माझी परीक्षा एकच. एखादा माणूस चार दिवस फिरकलाच नाही आणि पाचव्या दिवशी आला, तर दारात त्याला काय दिसतं? त्याला लाज वाटते, दडपण येतं, की तो सरळ येऊन बसतो? कारण गप्पांचा ग्रुप भांडणाने मोडल्याचं मी एकदाच बघितलंय. बाकी सगळे मोडले ते "आता एवढं सगळं वाचायचं राहिलंय, नंतर बघू" याने, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

वॉट्सॅपपासून सुरू करते कारण तिथे आम्ही सगळ्यात जास्त दिवस होतो. एक गोष्ट बिनतोड आहे, माणसं तिथे आधीच असतात. कोणाला शिकवावं लागत नाही, अकाउंट उघड, पासवर्ड विसरलो, ओटीपी आला नाही, हे काही नाही. लिंक टाकली की आत. एप्रिल २०१६ पासून सगळं बोलणं एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहे, ग्रुपसकट, म्हणजे मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही, ही गोष्ट गप्पा मारताना आपण विसरतो पण ती फार मोठी आहे, माणसं आपल्या घरातलं काय काय सांगत असतात. बाकी सोयी हळूहळू आल्या. रिअ‍ॅक्शन २०२२ मध्ये आल्या आणि आमच्या ग्रुपचा आवाज निम्म्यावर आला असेल, आधी कोणी नवीन पालवीचा फोटो टाकला की "मस्त", "वा", "+१", "सुंदर" असे तीस मेसेज यायचे आणि मधेच कोणी खरा प्रश्न विचारलेला असायचा तो वाहून जायचा. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो हे २०२३ चं. आमच्याकडे सोळाव्या मिनिटाला चूक लक्षात येणारे बरेच आहेत, पण तो दोष अ‍ॅपचा म्हणता येणार नाही.

आणि आवाजी मेसेज. यावर दोन तट आहेत. टाइप करायचा कंटाळा असलेल्या माणसांना ती देणगी आहे, आमच्या ऑर्किडवाल्या मावशी तर फक्त बोलतातच, त्यांना मराठी कीबोर्डवर जोडाक्षर सापडत नाही आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं त्यांना मुळात पटत नाही. पण सात मिनिटांचा आवाजी मेसेज ऐकायला सात मिनिटं लागतात हो. २०२१ पासून दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकता येतो, तेव्हापासून मावशी आमच्याशी दुप्पट वेगानेच बोलतात असं माझ्या मुलाला वाटतं, एकदा त्यांचा खरा फोन आला तर तो म्हणाला, "या बऱ्या नाहीयेत का, किती हळू बोलतायत?"

आता तिथे घोडं कुठे अडतं. पहिलं म्हणजे ग्रुप एकच सरळ पाइप आहे. वरून पाणी येतं खालून जातं. उत्तर देताना मेसेज कोट करता येतो, ठीक, पण तीन विषय एकदम सुरू झाले की कोण कोणाच्या कशाला हसलं हे कळायला पंचांग मांडून बसावं लागतं. आमच्याकडे एकीने वडिलांच्या तब्येतीचं सांगितलं आणि त्याच्या खाली, वरच्या विनोदाला म्हणून, हसण्याचे आठ चेहरे येऊन पडले. कोणाचीच चूक नाही. पण ती पुढे पंधरा दिवस बोलली नाही.

दुसरं म्हणजे वाचल्याची खूण. एकट्याच्या चॅटमध्ये निळी टिक बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये ती सोय नाही. आपल्या मेसेजवर बोट दाबून इन्फो बघितलं की कोणी वाचलं त्यांची यादी येते. कामाच्या ग्रुपला उपयोगी असेल. गप्पांच्या ग्रुपला ही यादी म्हणजे विष आहे, माझं स्पष्ट मत. "बावीस जणांनी बघितलं आणि एकाने पण काही म्हटलं नाही" हे वाक्य मी स्वतः बोललेय, कबूल करते. एरवी पारावर बसलेला माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करू शकतो, त्याचा कोणी हिशोब ठेवत नाही. इथे गप्प बसणाऱ्याचं नाव वेळेसकट लिहिलेलं असतं.

आणि तिसरं म्हणजे तो न वाचलेल्यांचा आकडा. हिरव्या गोलात २४३. तो ग्रुप म्यूट केला तरी आकडा असतोच, ढिगाऱ्यासारखा. माझ्या पाचव्या दिवसाच्या परीक्षेत वॉट्सॅप इथे मार खातं. माणूस येतो, २४३ बघतो, वर सरकवतो, कंटाळतो, आणि "सगळ्यांना शुभेच्छा" टाकून जातो कारण काहीतरी कोणाचं तरी असेलच. एकदा एका ताईंनी असंच "अभिनंदन!!" टाकलं आणि वर चाललेलं होतं कोणाचं तरी जुनं झाड वठल्याचं.

फोन नंबर सगळ्यांना दिसण्याचा पण प्रश्न आहे. ओळखीच्यांत ठीक, पण ऑनलाइन जमलेल्या अनोळखी माणसांत, विशेषतः बायकांना, ते नकोसं होतं, आणि बरोबरच आहे. आमच्यात दोघी केवळ यामुळे आल्या नाहीत. २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, फक्त अ‍ॅडमिनला कळतं, ही मात्र फार माणुसकीची सोय आहे, आधी "अमुक यांनी ग्रुप सोडला" ही ओळ म्हणजे दार आपटून गेल्यासारखी दिसायची आणि मग मागे राहिलेले तासभर त्यावरच चर्चा करायचे.

फॉरवर्डवर जास्त बोलत नाही. कंपनीने मर्यादा घातल्यात, एका वेळी पाच चॅट, आणि फार फिरलेला मेसेज असेल तर २०२० पासून एका वेळी एकच. त्याने वेग कमी झाला, सवय नाही गेली. आमचा नियम सोपा आहे, स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाहीतर स्वतः काढलेलं, बाकी काही नको. हा एक नियम लावला की निम्मा ग्रुप सुधारतो आणि उरलेला निम्मा आपोआप गप्प बसतो.

कम्युनिटी म्हणून जो प्रकार २०२२ च्या शेवटी आला, एका छताखाली अनेक ग्रुप, तो आम्ही करून बघितला. गप्पांना त्याचा उपयोग नाही. वर एक घोषणांचा ग्रुप असतो जिथे फक्त अ‍ॅडमिन बोलतो, म्हणजे मी. मला वाटलं होतं मजा येईल. मोकळ्या मैदानात स्टेज बांधून एकटीच उभी आहे असं वाटलं.

टेलिग्रामचं थोडक्यात सांगते कारण तिथे आम्ही नऊ महिनेच टिकलो. कागदावर बघाल तर सगळ्यात भारी. ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात (आम्ही सव्वाशे), नंबर लपवून नुसत्या नावाने राहता येतं, नवीन आलेल्याला जुनं सगळं बोलणं दाखवायचं की नाही ते अ‍ॅडमिन ठरवतो, शोधायची सोय उत्तम, आणि २०२२ पासून एकाच ग्रुपात वेगवेगळे टॉपिक पाडता येतात. फोन बदलला तरी सगळं जिथल्या तिथे कारण ते त्यांच्या क्लाउडवर असतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे ग्रुपमधलं बोलणं एंड टू एंड एन्क्रिप्टेड नसतं, ती सोय फक्त दोघांमधल्या सीक्रेट चॅटला आहे. बऱ्याच जणांचा समज उलटा असतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

मग का सोडलं? कारण निम्मी माणसं आलीच नाहीत. आणि जी आली ती वॉट्सॅप पण ठेवून आली. एकच बातमी दोनदा सांगायची, एकाच विनोदाला दोनदा हसायचं, आणि महत्त्वाचं नेमकं ज्या घरात आपण नाही तिथे बोललं जायचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं. वर आमच्यात स्टिकरचं वेड पसरलं. शब्दच बंद झाले. एक पोपट मान हलवतोय, त्याला उत्तर म्हणून दुसरा पोपट. तीन आठवडे पोपट. काकांनी शेवटी लिहिलं, "मंडळी, कोणी जिवंत आहे का, की फक्त पक्षी उरलेत?"

आता डिस्कॉर्ड. यावर जरा वेळ घेते.

पहिलं इम्प्रेशन भयानक. हे अ‍ॅप २०१५ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी आलं आणि ते अजून अंगात आहे. ग्रुपला "सर्व्हर" म्हणतात, जो खरा सर्व्हर नसतोच, मग रोल, परमिशन, बूस्ट, बॉट, काळी स्क्रीन, डावीकडे गोल गोल चिन्हं. मावशींनी लॉगिन करून पहिला प्रश्न विचारला, "हे बँकेचं आहे का?" आठवडाभर मी फोनवर एकेकाला शिकवत होते. ज्यांना आपला ग्रुप लगेच हलवायचाय त्यांनी हा आठवडा हिशोबात धरा, आणि एखाद्या शांत स्वभावाच्या माणसाला या कामावर बसवा, मला नका बसवू.

दुसरी चूक माझीच. एका ग्रुपात हवे तेवढे चॅनेल पाडता येतात म्हटल्यावर मी एकोणीस पाडले. कॅक्टस वेगळे, फर्न वेगळे, वेली वेगळ्या, कीड वेगळी, खत वेगळं, सुप्रभात वेगळं, वाढदिवस वेगळे. एक ना धड भाराभर चिंध्या. सव्वाशे माणसं एकोणीस खोल्यांत वाटली तर प्रत्येक खोली रिकामीच दिसणार, आणि रिकाम्या खोलीत पहिलं कोण बोलणार. दोन महिन्यांनी पंधरा पाडून टाकल्या. आता चारच आहेत, झाडं, फोटो, अवांतर आणि एक बोलायची खोली. "अवांतर" सगळ्यात मोठी. ही चॅनेलची कल्पना काही नवीन नाही म्हणा, १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलु विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने आयआरसी नावाची इंटरनेटवरच्या गप्पांची सोय बनवली त्यात चॅनेल होते आणि पुढे त्यांच्या नावाआधी डिस्कॉर्डवर दिसते तीच # खूण आली. तेव्हा बसलेली पद्धत अजून मोडावीशी वाटलेली नाही.

पण आता माझी पाचव्या दिवसाची परीक्षा लावा. इथे कोणी वाचलं याची यादी नाही. नाहीच. तुम्ही आलात, वाचलंत, निघून गेलात, कोणाच्या बापाला कळत नाही. नोटिफिकेशन फक्त आपलं नाव घेतलं तरच, असं लावता येतं, मी सगळ्यांच्या फोनमध्ये तेच लावायला सांगितलं. "अवांतर" पूर्ण म्यूट केलं तर ते यादीत फिकट होऊन पडून राहतं, आकडा डोळ्यावर येत नाही. परिणाम असा की माणसं सगळं वाचायचा प्रयत्नच सोडून देतात, येतात, शेवटचे दहा मेसेज बघतात आणि त्यात उडी मारतात. खऱ्या कट्ट्यावर आपण हेच करतो ना, आल्यावर कोणी सांगत नाही की थांबा, आधी चार दिवसांचं इतिवृत्त वाचा. मेसेज कधीही दुरुस्त करता येतो, सोळाव्या मिनिटाला पण.

आणि खरी चीज म्हणजे ती बोलायची खोली, व्हॉइस चॅनेल. इथे फोन वाजत नाही. हे नीट समजून घ्या कारण मलाही उशिरा कळलं. ग्रुप कॉल म्हणजे सगळ्यांचे फोन एकदम घणघणतात, उचला नाहीतर का नाही उचलला ते सांगा. इथे खोली सदा उघडी असते. कोणी आत जाऊन बसलं की त्याचं नाव खोलीखाली दिसतं, बस्स. दिसलं, वाटलं तर आपण पण जातो. नाही वाटलं तर नाही. आत गेल्यावर बोललंच पाहिजे असं पण नाही. रात्री साडेनवाच्या सुमारास तिघं चौघं असतात, कोणी कुंड्या पुसतंय, कोणी कपड्यांच्या घड्या घालतंय, दहा मिनिटं कोणीच काही बोलत नाही, मग कोणीतरी म्हणतं "अरे ऐका", आणि सुरू होतं. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त मी आणि काका असायचो आणि आम्हाला दोघांना ऑकवर्ड व्हायचं, ते दर दोन मिनिटांनी "हॅलो, ऐकू येतंय का" म्हणायचे. आता म्हणत नाहीत. आवाज आणि व्हिडिओला २०२४ पासून एंड टू एंड एन्क्रिप्शन यायला लागलंय, लिहिलेल्या मेसेजला मात्र नाही, ही नोंद करून ठेवा, लिहिताना भान ठेवा.

लिहिण्यातली भांडणं या खोलीने कमी केली, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते. एकदा "बरं." वरून झालं होतं. नुसतं बरं, पुढे पूर्णविराम. लिहिणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, वाचणारीला तो पूर्णविराम टोचला, दोन दिवस धुसफूस. मजकुरात सूर दिसत नाही हे दुखणं जुनं आहे. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावर कोणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद केला, काहींनी तो खराच धरला, आणि त्यावरच्या चर्चेत १९ सप्टेंबरला स्कॉट फालमनने सुचवलं की विनोद असेल तिथे :-) अशी खूण करा. आम्ही "हलके घ्या" लिहितो, पण हलके घ्या लिहिलं की लोक हमखास जड घेतात, हा माझा अनुभव. त्या बरंवाल्या प्रकरणात दोघांना खोलीत बोलावलं, ती म्हणाली "तुम्ही चिडला होतात ना", तो म्हणाला "मी तेव्हा बसमधून उतरत होतो हो", आणि मिटलं.

डिस्कॉर्डच्या खटकणाऱ्या गोष्टी पण सांगायला हव्यात. फुकटच्या अकाउंटला एका फाईलची मर्यादा १० एमबी आहे, चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो बऱ्याचदा अडतो, मग तो लहान करा मग टाका. एका मेसेजला २००० अक्षरांची मर्यादा, ती आमच्या एका आजोबांना दर आठवड्याला लागते, ते एक ते चार भागांत लिहितात आणि भाग तीनच्या आधी कोणी मधे बोललं तर रागावतात. मजकूर उतरवून घेण्याचं पण तसंच, आपला डेटा मागितला तर आपण लिहिलेले मेसेज मिळतात, अख्ख्या ग्रुपचं बोलणं नाही. वॉट्सॅपमध्ये एक्सपोर्ट चॅट आहे, टेलिग्रामच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमध्ये तर त्याहून नीट निघतं. एकदा घर बंद पडल्याचा मार खाल्लेल्या माणसाला हे खुपतं. मी महत्त्वाचं काही बोलणं झालं, म्हणजे कोणाच्या तरी झाडावरच्या किडीवर नक्की काय लागू पडलं वगैरे, की एका वेगळ्या कागदपत्रात उतरवून ठेवते. विनोद नाही उतरवत. ते गेले तर गेले.

आणि बॉट, म्हणजे ग्रुपात आपोआप कामं करणारा प्रोग्राम. जपून रे बाबांनो. मी एक फुकटातला बॉट लावला, त्यात एक सोय होती की तीस दिवस काहीच न बोलणाऱ्याला काढून टाका, मला वाटलं साफसफाई होईल, खोगीरभरती कमी होईल. सकाळी उठून बघते तर चाळीसच्या वर माणसं बाहेर. सगळी वाचनमात्र मंडळी. जेकब नील्सनने २००६ मध्ये लिहून ठेवलंय की ऑनलाइन समूहात साधारण शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच सारखा बोलतो, आणि हे मला माहीत असून मी तो उद्योग केला होता. एकेकाला माफीचा निरोप पाठवला. त्यातल्या एका काकूंचं उत्तर आलं, "अगं मी रोज झोपताना वाचते गं, मला काय बोलायचं असतं, पण तुम्ही सगळे बोलत असलात की बरं वाटतं." बॉट त्याच दिवशी काढला. तेव्हापासून मी मेंबर मोजताना बोलणारे मोजत नाही.

साइजबद्दल एकच. वॉट्सॅपला १०२४, टेलिग्रामला दोन लाख, हे आकडे गप्पांच्या दृष्टीने निरर्थक आहेत. रॉबिन डनबार नावाच्या संशोधकाचं म्हणणं प्रसिद्धच आहे की माणूस साधारण १५० जणांशीच नीट नातं ठेवू शकतो, त्यावर वादही आहेत, पण आमचं पण सव्वाशेच्या पुढे नवीन माणूस आला की त्याला कोणी नावाने हाक मारेनासं होतं, हे मी पाहिलंय. म्हणून आम्ही आता लिंक उघडी ठेवत नाही, कोणीतरी कोणाला तरी घेऊन येतं आणि आणणाऱ्याने पहिले दोन आठवडे त्याची विचारपूस करायची.

तर स्टार द्यायचे झाले तर, फक्त गप्पांसाठी हं, वॉट्सॅपला साडेतीन, त्यातला दीड निव्वळ सगळे तिथे आहेत म्हणून. टेलिग्रामला तीन, ज्यांचा ग्रुप मोठा आहे आणि जुनं शोधायला लागतं त्यांनी त्यात एक वाढवून घ्या. डिस्कॉर्डला चार, आणि शिकवायला कोणी नसेल तर अडीच. तुमच्या ग्रुपात सगळे पन्नाशीच्या पुढचे असतील आणि ते वॉट्सॅपवर सुखात असतील तर हलवू नका, उगाच. फॉरवर्ड बंद करा, इन्फोची यादी बघणं स्वतःपुरतं सोडा, तेवढ्यानेही फरक पडतो. आम्ही वॉट्सॅपचा ग्रुप अजून ठेवलाय पण त्यात फक्त "आज खोलीत आहोत" एवढीच ओळ पडते, बाकी सगळं इकडे. दोन घरं झालीच परत, पण आता एक घर आहे आणि एक नुसती दारावरची घंटा, म्हणून चालतंय.

ज्या ताईंच्या वडिलांच्या बातमीखाली हसरे चेहरे पडले होते त्या आता रोज खोलीत असतात. माइक बंद ठेवून. वडिलांना औषध द्यायची वेळ झाली की "आले" एवढं टाइप करून जातात आणि परत येतात.

हे लिहिता लिहिता बघितलं तर आत्ता पण खोलीत तीन नावं दिसतायत आणि कोणी बोलत नाहीये, पण काकांचा माइक चालू राहिलाय आणि मगाचपासून त्यांच्या घोरण्याचा आवाज येतोय. मावशी म्हणतायत उठवू नका. मला वाटतं उठवावं, फोनची बॅटरी संपेल त्यांची. जाते.